उचंत खात्यात राहिलेली नोंद

‘उचंत’ हा शब्द व्यापारी घरांत समजावून सांगण्याची गरज नाही. रक्कम हाती आली, परंतु ती कोणाच्या खाती जमा करावी याचा उलगडा होत नाही, तेव्हा मुनीम ती तात्पुरती उचंत खात्यावर टाकतो. बँकेतही हीच रीत आहे. नोकरीच्या काळात दर मार्चअखेरीस जी कामे पुढ्यात येत, त्यांत या खात्यावर साचलेल्या जुन्या नोंदींचा निपटारा हे एक किचकट काम असे. अशी नोंद वर्षानुवर्षे पडून राहिली, तरी तेरीज जुळते आणि ताळेबंदही जुळतो. ज्याची ती रक्कम असते, त्याच्या खात्यावर मात्र ती कधी दिसत नाही.

या महिन्यात अशाच एका नोंदीची हकीकत सांगावयाची आहे. ती पैशाची नोंद नाही, एका सत्कृत्याची आहे. ती योग्य खाती जमा व्हावी म्हणून उतारवयात अनेक वर्षे खपलेला गृहस्थ तारुण्यात कोरियन युद्धातील एक साधा सैनिक होता आणि पुढे अमेरिकेतील वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचे नाव जॉर्ज ड्रेक.

कोरियन युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले. उत्तर कोरियाच्या फौजांनी तीनच दिवसांत दक्षिणेची राजधानी सोल घेतली. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजा इंचॉन बंदरावर उतरल्या व सोल पुन्हा दक्षिणेच्या हाती आले. हिवाळ्याच्या तोंडावर चीनच्या फौजा युद्धात उतरल्या आणि पारडे परत फिरले. जानेवारी १९५१च्या आरंभी सोल दुसऱ्यांदा पडले. एकच शहर वर्षभरात चार वेळा हातांतरित झाले, तर तेथील बालकांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. आई-बाप बाँबहल्ल्यात गेलेले, किंवा लाखोंच्या लोंढ्यात हात सुटलेला. या युद्धाने पोरके केलेल्या मुलांची संख्या एक लाखाच्या आसपास असावी, असा अंदाज सांगितला जातो.

१९५०च्या त्या शरद ऋतूत अमेरिकेच्या पाचव्या वायुसेनेचे धर्मोपदेशक, लेफ्टनंट कर्नल रसेल ब्लेझडेल, सोलमध्ये होते. सैनिकांसाठी प्रार्थना घेणे आणि त्यांचे दुःख ऐकणे, हे त्यांचे नेमून दिलेले काम. परंतु रस्त्यावर मुले दिसत होती. कोणी भिंतीच्या आडोशाला, कोणी पुलाखाली. अंगावर धड वस्त्र नाही आणि थंडी शून्याच्या खाली गेलेली. आपले सहायक सार्जंट माइक स्ट्रँग यांना बरोबर घेऊन ब्लेझडेल ट्रकमधून फिरू लागले व दिसेल त्या मुलाला उचलून आणू लागले. शहरातील कोरियन समाजसेविकांच्या मदतीने एक केंद्र उघडण्यात आले. तेथे मुलांना आंघोळ घालीत, उवा काढीत, ऊन अन्न व औषध देत. प्रकृती सुधारली की मूल एखाद्या अनाथालयात जाई आणि त्याच्या जागी दुसरे येई.

डिसेंबरमध्ये शत्रू जवळ आला आणि वायुसेनेचे मुख्यालय दक्षिणेकडे हलले. ब्लेझडेल मात्र मागे थांबले. मुलांना इंचॉन बंदरात नेऊन जहाजाने सुरक्षित ठिकाणी पाठवावयाचे, असे ठरले होते. मुले बंदरावर पोहोचली, पण ज्या जहाजाचा भरवसा होता, ते काही कामी आले नाही. गोवर आणि डांग्या खोकला यांची साथ, मोडक्या इमारतीतील गारठा, आणि दिवसामागून दिवस जात होते. काही तान्ही मुले तेथेच दगावली.

अखेरीस ब्लेझडेल यांनी किंपो विमानतळ गाठला. वायुसेनेच्या वाहतुकीची सूत्रे हाती असलेल्या एका कर्नलसाहेबांपुढे त्यांनी मागणी मांडली. उत्तर आले, उद्या सकाळी आठ वाजता विमाने तयार ठेवतो. आता अडचण उरली ती इंचॉनहून किंपोपर्यंत मुलांना नेण्याची. २० डिसेंबरच्या सकाळी मरीन दलाचे सिमेंट वाहणारे ट्रक त्यांच्या दृष्टीस पडले. तोवर कधी न वापरलेला आपल्या हुद्द्याचा अधिकार त्यांनी त्या दिवशी वापरला, ट्रक ताब्यात घेतले आणि मुले त्यांत चढविली. मंडळी विमानतळावर उशिराने पोहोचली, तरी विमाने थांबून होती. त्या दिवशी सी-५४ जातीच्या १५-१६ विमानांतून, ब्लेझडेल यांच्या मोजणीप्रमाणे, ९६४ मुले आणि त्यांना सांभाळणारे ८० जण दक्षिणेच्या जेजू बेटावर सुखरूप उतरले.

या हकीकतीत आपणां व्यापारी मंडळींनी थांबून पाहण्यासारखे एक स्थळ आहे. त्या काळी सोलमध्ये दयाळू माणसांची वाण नव्हती. मुलांकडे पाहून डोळे भरून आलेले सैनिक शेकड्यांनी असतील. परंतु दयेलाही वाहन लागते, इंधन लागते, आणि पलीकडच्या टोकाला माल उतरवून घेणारा व पोहोच देणारा माणूस लागतो. ब्लेझडेल यांनी करुणेची व्यवस्था केली, म्हणून ती करुणा मुलांपर्यंत पोहोचली. जेजूवर उतरवून घेण्याची तजवीज करणारे अधिकारी होते कर्नल डीन हेस. तेथील अनाथालय पुढे अनेक वर्षे चालविणाऱ्या कोरियन बाई होत्या ह्वांग ऑन-सून. जेजूवर आल्यावरही आजाराने काही मुले गेलीच. तरीही शेकडो वाचली आणि मोठी झाली.

आता श्रेयाच्या नोंदीकडे वळू. हेस हेही विलक्षण गृहस्थ होते. मूळचे धर्मोपदेशक, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिक झालेले. जर्मनीतील कायझर्सलाउटर्न येथे आपल्या विमानातून सुटलेला एक बाँब अनाथालयावर पडला आणि ३७ मुले मृत्युमुखी पडली, हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. कोरियातील त्यांच्या धडपडीमागे ही बोच असावी. १९५६ साली त्यांचे ‘बॅटल हिम’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला. त्यात नायकाची भूमिका रॉक हडसनसारख्या नामांकित नटाने केली. पुस्तकापासून आणि चित्रपटापासून मिळालेले उत्पन्न हेस यांनी अनाथालयाला दिले. हे सारे त्यांच्या बाजूने लिहावयास हवे. मात्र चित्रपटाचा स्वभाव असा की त्याला एकच नायक लागतो. मुलांना वाचविण्याचे समग्र श्रेय जगाने हेस यांच्या खाती जमा केले. ज्यांनी रस्त्यावरून मुले वेचली, बंदरावर त्यांच्यासह थंडीत दिवस काढले आणि ट्रक मिळविले, त्या ब्लेझडेल व स्ट्रँग यांची रक्कम उचंतवर पडून राहिली. ब्लेझडेल यांनी स्वतः कधी तक्रार केली नाही. सुमारे पन्नास वर्षे असेच चालले.

येथे जॉर्ज ड्रेक येतात. ते १९५२-५३ मध्ये कोरियात सैनिक होते. त्यांच्या तुकडीने एका अनाथालयाचा भार उचलला होता. तरुण ड्रेक फावल्या वेळात मायदेशी पत्रे लिहीत आणि कपडे, औषधे व पैसा मागवीत. असे करणारे ते एकटे नव्हते. पगाराच्या दिवशी तुकडीत टोपी फिरवून वर्गणी जमविणे, घरून लहान मुलांचे स्वेटर मागविणे, सुट्टीच्या दिवशी अनाथालयाचे छप्पर दुरुस्त करणे, अशी कामे शेकडो तुकड्यांनी केली. निवृत्तीनंतर ड्रेक यांना जाणवले की या सर्व गोष्टींचा उल्लेख कोठेच नाही. वॉशिंग्टन येथे १९९५ साली कोरियन युद्धातील सैनिकांचे भव्य राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. त्यात रेनकोट घातलेले, बंदुका घेतलेले सैनिक आहेत. मुले नाहीत.

ड्रेक यांनी मग एखाद्या निष्णात लेखापरीक्षकाप्रमाणे काम सुरू केले. सैनिकांच्या जुन्या वृत्तपत्राचे अंक चाळले, सरकारी अभिलेखागारात बसले, वृद्ध झालेल्या सोबत्यांना पत्रे पाठविली आणि त्यांच्या पेट्यांतून पिवळी पडलेली छायाचित्रे मिळविली. बातम्या व छायाचित्रे यांचा मोठा संग्रह झाला. त्या आधारे त्यांनी मांडलेला हिशेब असा: अमेरिकी सैनिकांनी दहा हजारांहून अधिक मुलांचे प्राण वाचविले आणि सुमारे ४०० अनाथालयांतील ५४,००० मुलांच्या निर्वाहास हातभार लावला. २००३ साली, युद्धविरामाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यांच्या बेलिंगहॅम या गावातील एका उद्यानात कोरियन युद्धातील मुलांचे स्मारक म्हणून एक मंडप उभा राहिला.

या शोधातच ब्लेझडेल यांचे नाव वर आले. डिसेंबर १९५०च्या त्या दिवसाचे श्रेय कोणाचे, हे कागदपत्रांनिशी मांडण्याचा आग्रह ड्रेक यांनी सोडला नाही. यावरून हेस यांच्या चाहत्यांशी वाद झाले आणि ड्रेक यांची भाषाही वेळोवेळी तिखट झाली. माझ्या अल्पमतीप्रमाणे दोघांनाही त्यांची रक्कम देऊन खाते मिटते. ज्याने माल रवाना केला त्याचे त्याला, आणि ज्याने उतरवून घेऊन पुढे सांभाळला त्याचे त्याला. २००१ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ब्लेझडेल यांना कोरियात सन्मानाने बोलाविण्यात आले. ट्रकमध्ये चढविलेल्या मुलांपैकी काही जण आता स्वतः आजी-आजोबा झालेले होते. ती मंडळी त्यांना भेटली. २००७ मध्ये ब्लेझडेल निवर्तले. कोरियातील ग्वांगजू शहरात एका बालगृहाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे.

मात्र हिशेब पुरा लिहावयाचा तर नावेची बाजूही लिहिली पाहिजे. ड्रेक ही माहिती गोळा करीत होते त्याच काळात, १९९९ साली, एका अमेरिकी वृत्तसंस्थेने नो गन री येथील घटना उजेडात आणली. जुलै १९५० मध्ये तेथील रेल्वेपुलाखाली आश्रय घेतलेल्या कोरियन निर्वासितांवर अमेरिकी सैनिकांनी गोळीबार केला होता. मृतांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. म्हणजे अनाथांना वाचविणारी फौज आणि अनाथ निर्माण करणारी फौज, दोहोंचा गणवेश एकच. कोणी म्हणेल, वाचविलेल्यांतून मारलेले वजा करा आणि शिल्लक पाहा. अशी वजाबाकी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. नो गन रीच्या नोंदीसाठी वाचलेल्यांचे नातेवाईक झगडले, दुसऱ्या नोंदीसाठी ड्रेक झगडले. दोन्ही नोंदी आपापल्या पानावर पूर्ण लिहिल्या जाव्यात, एकीने दुसरी झाकू नये, एवढेच प्रामाणिक हिशेबनिसाच्या हाती असते.

आपल्या देशाचाही या पानाशी संबंध आहे. भारताने या युद्धात लढाऊ फौज पाठविली नाही, वैद्यकीय पथक पाठविले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील साठाव्या पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सने डिसेंबर १९५०च्या त्याच माघारीत, वाहने मिळत नाहीत असे पाहून, वाफेचे एक जुने इंजिन मिळविले व आपल्याच जवानांकरवी चालवून रुग्णोपचाराची सामग्री दक्षिणेस आणली. तेथेही दयेला वाहन लागले आणि ते शोधणारा माणूस भेटला. या पथकाने सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांवरही उपचार केले. युद्धविरामानंतर, मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या सुमारे २३,००० युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय संरक्षक दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडील वडगावचे. आपल्या घरांतील तरुणांपैकी किती जणांना ही नावे ठाऊक असतील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

येथे एक शंका उपस्थित होईल, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानले आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असा संस्कार घराघरांत आहे. मग ब्लेझडेल यांचे मौन हेच योग्य नव्हे काय? त्यांचे नाव शोधून काढून पुतळा उभारण्याची आवश्यकता काय?

यावर मी बराच विचार केला. देणाऱ्याने आपले नाव लपवावे, हा त्याचा अधिकार आहे आणि ते त्याचे भूषणही आहे. परंतु त्याचे नाव पुसून तेथे दुसऱ्याचे लिहिणे, हा गुप्तदानाचा प्रकार नव्हे. आणि घेणाऱ्याची बाजू त्याहून महत्त्वाची आहे. ज्याला आई-वडील आहेत त्याला आपली कथा घरातच ऐकावयास मिळते. तू अमक्या गावी जन्मलास, पाऊस फार होता, आजीने तुला पहिल्यांदा हातात घेतले, अशी ती कथा असते. पोरक्या मुलाजवळ हे सांगणारे कोणी नसते. सोलच्या रस्त्यावरून उचललेल्या पुष्कळ तान्ह्या मुलांचे खरे नाव वा जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. मला कोठून आणले, कोणी आणले, थंडीत माझ्या अंगावर पांघरूण कोणी घातले, एवढीच त्याची वंशावळ. ती नोंद हरवली की त्या माणसाचा आरंभच हरवतो. ड्रेक यांनी जमविलेली छायाचित्रे या दृष्टीने पाहावीत. वीरांचे गुणगान हा त्यांचा गौण उपयोग आहे. सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या स्त्रीला त्यांत आपले अनाथालय सापडणे, हा मुख्य उपयोग आहे.

काही वर्षांपूर्वी कर्जप्रकरणाच्या छाननीत एका जुन्या पेढीच्या वह्या पाहण्याचा योग आला होता. धर्मादा खात्यावर, सलग बारा-तेरा वर्षे, दर जूनमध्ये शाळेच्या फीची एक लहानशी रक्कम नावे पडलेली होती. पुढे फक्त ‘विद्यार्थी’ एवढाच शब्द. पेढीच्या तरुण भागीदाराला मी सहज विचारले, हा विद्यार्थी कोण? तो म्हणाला, ‘दादाजींनाच ठाऊक होते, साहेब. ते गेले.’ फी देणारे गेले, तो मुलगा कोठे असेल हे कळावयास मार्ग नाही. त्या मुलालाही बहुधा ठाऊक नसेल की आपल्याला कोणी शिकविले. दादाजींच्या निरपेक्षतेपुढे मी नतमस्तक आहे. तरीही घरात एखाद्या बंद पाकिटात त्या मुलाचे नाव लिहिलेले असते, तर नातवाला ते काम पुढे नेता आले असते, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

सुज्ञ वाचकहो, आपल्या समाजात दानाला कधी खीळ पडली नाही. म्हणून पोरक्या मुलांच्या बाबतीत, बँकेतील अनुभवाच्या आधारे, तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना दानाच्या रीतीविषयी आहे. अनाथ मुलाला एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा, ते स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम देणे अधिक हिताचे. कोरियातील मुलांच्या निमित्ताने पाश्चात्त्य देशांत एका कुटुंबाने एका मुलाचा मासिक खर्च उचलण्याची पद्धत फोफावली आणि ती आजतागायत टिकून आहे. मूल एका दिवसाच्या जेवणाने वाढत नाही. दुकानाच्या भाड्याप्रमाणे ही रक्कम प्रथम बाजूला काढावी आणि बँकेला कायमची सूचना देऊन ठेवावी, म्हणजे आपल्या लहरीवर ती अवलंबून राहत नाही.

दुसरी सूचना कागदांविषयी. एखाद्या कुटुंबावर आघात होतो तेव्हा आपण धान्य पाठवतो, फी भरतो. परंतु मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, ठेवींच्या पावत्या आणि विम्याची कागदपत्रे एकत्र करून देणारा कोणी नसतो. बँकेच्या खिडकीशी ही मुले काकांचे किंवा मामांचे बोट धरून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. हक्काची रक्कम असूनही कागदावाचून ती अडते. ज्यांनी आपल्या ठेवींना अज्ञान मुलाचे नामनिर्देशन केले आहे, त्यांनी त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नावही त्याच अर्जात नोंदविले आहे की नाही, हे आजच पाहून घ्यावे. या कामाला पैसा लागत नाही, एक दुपार लागते.

तिसरी सूचना नोंदीविषयी. आपल्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने छापली जाते. ती असावीच. परंतु ज्याने गाडी चालविली, जिने रात्री तापलेल्या मुलाच्या उशाशी बसून काढल्या, ज्याने सरकारी कचेरीत दहा खेपा घातल्या, त्यांची नावे कोठे येतात? ब्लेझडेल यांच्या खिशातून किती डॉलर गेले हे कोणी विचारीत नाही. त्यांनी ट्रक मिळविले. अशा माणसांसाठी अहवालात एक पान राखून ठेवावे. ज्यांना नाव नको असेल त्यांचे छापू नये, पण संस्थेच्या दप्तरात ते लिहिलेले असावे. आणि संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती प्रमाणपत्राबरोबर एक छोटी वही द्यावी: तू अमक्या दिवशी आलास, तुला अमक्यांनी आणले, तुझे पहिले छायाचित्र हे.

ब्लेझडेल यांच्या खात्यावरील रक्कम जमा होण्यास पन्नास वर्षे लागली, आणि तीही एका निवृत्त प्राध्यापकाने जुने कागद उपसले म्हणून. प्रत्येक संस्थेला असा ड्रेक लाभेलच असे नाही. नोंद त्या-त्या वेळीच करून ठेवणे अधिक सोपे. आपल्या पूर्वजांनी रोजमेळ रोजच्या रोज लिहिण्याचा नियम घालून दिला, तो याचसाठी.